शिक्क्याची चकती

श्रीहरी खोब्रागडे बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून रिटायर होऊन मोहटोल्याला परत आला, तेव्हा त्याच्यासोबत दोन ट्रंका, एक गादी, एक टेबलपंखा आणि एक लोखंडी पेटी होती. पेटी नागभीड स्टेशनावरून बैलबंडीवर आली आणि उतरवायला चार माणसं लागली. त्याच्या बायकोला, सत्यशीलाला, वाटलं, एकतीस वर्षं तिकडे खोली करून राहिला, काहीतरी गाठीला बांधून आणलेलं दिसतंय. पेटी उघडली तर आतून रंधे निघाले. एक नाही, चार. त्याखाली पटाश्या, करवती, गिरमिटं, शिकंजे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला, विजेवर चालणारा पाचवा रंधा. तो त्याने त्याच दिवशी चालू करून दाखवला. शेजारच्या पंचफुलाबाईची म्हैस दावं तोडून पळाली, ती संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर सापडली.

"हे काऊन आणलं?" सत्यशीलाने विचारलं.

"लाकडाचं काम कराले," श्रीहरी म्हणाला. "आता घरीच वर्कशॉप टाकतो."

एकतीस वर्षं या बाईने एकटीने धान पिकवलं होतं. सासू सांभाळली, मुलगी शिकवून सासरी पाठवली, धानाच्या बांध्यांच्या पाण्यासाठी तळ्यावर जाऊन बाप्यांशी भांडली. नवरा पंधरा दिवसांतून एकदा गाडीने यायचा, जेवायचा आणि जायचा. महिला मंडळाची ती अध्यक्ष होती आणि बोलण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. आता हा कायमचा आलाच आहे तर निदान रोवणीच्या वेळी बांधावर उभा राहील, एवढीच तिची अपेक्षा होती. आणि हा गडी गोठा रिकामा करत होता. गोठ्यातली धानाची तणीस त्याने उघड्यावर रचली, जमीन चोपून घेतली, मधोमध एक जाडजूड फळकुटांचा बाक ठोकला, आणि भिंतीला चुना लावून त्यावर निळ्या रंगाने चित्रं काढायला बसला.

चित्रं म्हणजे अवजारांची. करवत भिंतीला टांगायची, तिच्याभोवती निळी रेघ ओढायची, शेजारी पांढऱ्या रंगात नंबर टाकायचा. करवत जागेवर नसली की भिंतीवर तिची निळी आकृती रिकामी दिसते आणि माणसाला कळतं की करवत गेली कुठे ते शोधावं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्याने जन्मभर हेच केलं होतं. साठ अवजारांना साठ नंबर झाले, तरी त्याचा हात थांबेना. मग शिडीवर नंबर पडला, पाण्याच्या रांजणावर पडला, अंगणातल्या बाजेच्या पायावर पडला. जिथे नंबर तिथे खाली दोन शब्द: न हलवणे. रांजण कोण हलवणार होतं? पण लिहिलं.

सत्यशीलाने एक दिवस कानशीच्या निळ्या आकृतीत आपली भाजीची पळी टांगून दिली. श्रीहरीने ती काढली, धुतली आणि स्वयंपाकघरात जागेवर नेऊन ठेवली. तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. न भांडणाऱ्या माणसाचा राग काढायचा कुठे? तो तिने गावात काढला.

आणि काय काढला! रोवणीत वीस बायका वाकलेल्या असल्या की सत्यशीला सुरू व्हायची. आमचे हे लाकडाची रेघ पाहतात, म्हणे. रेघेच्या उलट रंधा मारला तर लाकूड उपटतं, सुलट मारला तर काचेसारखं निघतं. फळीला हात लावून, डोळे मिटून, अर्धा अर्धा तास रेघ पाहतात. माझ्या कपाळावरची रेघ एकतीस वर्षांत एकदा पाहिली नाही. बायका चिखलात बसून हसायच्या.

जाळीच्या कपाटाचा किस्सा तर तिच्याकडून चार-चार वेळा मागून ऐकायच्या. श्रीहरीने पहिल्याच उन्हाळ्यात खाण्याच्या वस्तू ठेवायला जाळीचं कपाट केलं. एकही खिळा न मारता, सगळं खाचेत खाच बसवून. दार असं बसलं की मधून पोस्टकार्ड जाणार नाही. हे त्याने पोस्टकार्ड घालून दाखवलंही. पुढे आषाढ लागला, लाकूड फुगलं, आणि दार जे बसलं ते बसलं. आत सुकटीचं गाडगं. श्रीहरी म्हणाला, दार तोडायचं नाही, हवा कोरडी झाली की आपोआप सुटेल. सुटलं, दिवाळीच्या आदल्या दिवशी. तोवर घराला जो वास होता त्याचं वर्णन सत्यशीला नाकाला पदर लावून करायची. चूक श्रीहरीची होतीच. उन्हाळ्यात कोरड्या लाकडाचं दार करताना पावसाळ्याची फट सोडावी लागते, हे त्याने नंतर स्वतःच कबूल केलं, पुढच्या दाराला सोडलीही. पण पुढच्या दाराचा किस्सा होत नाही, म्हणून तो तिने कोणाला सांगितला नाही.

गावचा सुतार मुखरू, तो तर या किस्स्यांवर जगत होता. मुखरूच्या घरात तीन पिढ्यांत काटकोन तपासायचा गुण्या नव्हता. आमचा डोळा हाच गुण्या, असं तो छाती काढून सांगे. म्हणूनच मोहटोल्यात एकाही दाराची कडी उंबऱ्याला पाय लावून ओढल्याशिवाय लागत नसे. पण तो जातीचा सुतार आणि श्रीहरी कारखान्यातून शिकून आलेला हौशी, त्यामुळे अक्कल कोणाला आहे याचा निकाल गावाने आधीच लावून ठेवला होता. चहाच्या टपरीवर मुखरू विचारायचा, काय बाई, आज कोणता नंबर? आणि सत्यशीला त्याला ताजी बातमी द्यायची.

अशी तीन वर्षं गेली. मग विहाराच्या आसनाची गोष्ट निघाली.

मोहटोल्याच्या बुद्धविहारात नागपूरहून नवी मूर्ती यायची होती, बुद्धपौर्णिमेला. जुनी मूर्ती शाळेने टाकून दिलेल्या टेबलावर होती, आणि नवी मूर्तीही त्याच टेबलावर ठेवायची हे मंडळाच्या बायकांना पटेना. सागवानाचं आसन करायचं ठरलं. विहार समितीचा सचिव राजदीप मास्तर जंगलखात्याच्या डेपोतल्या लिलावातून सागाचा एक छोटा लठ्ठा घेऊन आला, पावती आणि परवान्यासकट. बायका मुखरूकडे गेल्या. मुखरू म्हणाला, नांगर-वखरांचे दिवस आहेत, लग्नांच्या बाजा आहेत, मिरगानंतर पाहू. खरं म्हणजे राजदीपने त्याला कागदावर काढलेला नकाशा दाखवला होता आणि त्याचा त्याला राग आला होता.

तेव्हा मंडळाच्या सभेत पंचफुलाबाई म्हणाली, आपल्या अध्यक्षबाईच्या घरी एवढं वर्कशॉप आहे ना. बायका हसल्या. सत्यशीलाने तीन वर्षं जे पेरलं ते असं भर सभेत उगवलं होतं. पण नाही म्हणावं तर मंडळाचं काम अडतं आणि अध्यक्षबाईचा नवरा कुचकामी हे ठरावात लिहिल्यासारखं होतं. रागाच्या भरात तिने उचलली जीभ लावली टाळ्याला. ती म्हणाली, पौर्णिमेला आसन विहारात दिसलं नाही तर मी अध्यक्षपद सोडीन. आणि बसली.

झालं. आता आसन श्रीहरीच्या हातात आणि तिचा शब्द आसनावर.

श्रीहरीला मात्र कसलाच घोर नव्हता. त्याने लठ्ठा आठ दिवस सावलीत ठेवला. मग मूल गावाहून दोन करवतवाले बोलावले. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर लठ्ठ्याच्या बुडाची चार बोटं जाडीची चकती कापून बाजूला काढली. त्या चकतीवर डेपोच्या हातोड्याचा शिक्का होता आणि लठ्ठ्याचा नंबर कोरलेला होता. या भागात सागवान घरात ठेवायचं म्हणजे खेळ नाही. पावती कितीही असो, एका पावतीवर वर्षभर जंगलातलं चोरीचं लाकूड कापणारे पडले आहेत, म्हणून शिक्क्याचा तुकडा काम संपेपर्यंत जपावा लागतो. पावतीवरचा नंबर आणि लाकडावरचा नंबर जुळला की माणूस सुटला. राजदीपने हे श्रीहरीला बजावून सांगितलं होतं. सत्यशीला तेव्हा शेतात होती. सागवान तिच्या घरात जन्मात आलं नव्हतं. तिच्या माहेरीही बाभळीवर आणि मोहावर भागायचं.

श्रीहरीने चकतीला भोक पाडलं आणि ती भिंतीवर खिळ्याला टांगली. अर्थातच तिच्याभोवती निळी गोल रेघ ओढली. अर्थातच खाली लिहिलं: न हलवणे.

काम सुरू झालं. सत्यशीला येता-जाता पाहायची, म्हणजे पाहत नाही असं दाखवून पाहायची. फळ्या त्याने विजेच्या रंध्याने फक्त खडबडीत उतरवल्या आणि शेवटचा हात साध्या रंध्यानेच मारला. रंध्यातून लांब, पातळ साल निघायची आणि त्याच्या पायाशी ढीग व्हायचा. पायांची टोकं त्याने पटाशीने कुसवासारखी, म्हणजे भोकात बसतील अशी बारीक कोरली, वरच्या फळीत तेवढीच भोकं पाडली, आणि एक दिवस तिच्या समोरच पाय फळीत बसवला. हातोडी नाही, ठोकाठोकी नाही. तळहाताने दाबला आणि पाय आत गेला. हलवला तर हलेना. सत्यशीलाला ते आवडलं. मनापासून आवडलं, आणि आवडलं म्हणून तिला राग आला. तीन वर्षं ज्याची टर उडवली त्याला बरं म्हणायचं तर आधीचे सगळे शब्द गिळावे लागतात. ती म्हणाली, "हो, बसलं बसलं. पावसात फुगलं तं काय करान?"

"खाली फट ठेवली हाय," तो म्हणाला आणि दुसरा पाय हातात घेतला.

हेही तिने गावात कोणाला सांगितलं नाही.

पौर्णिमेला आठ दिवस असताना अवकाळी पाऊस येऊन गेला. अंगणातली जळाऊ लाकडं भिजली. सकाळी आंघोळीचं पाणी तापवायचं तर चुलीत नुसता धूर. सत्यशीला फुंकून फुंकून थकली. डोळ्यांत पाणी, डोक्यात संताप. कोरडं लाकूड गावभरात फक्त एकाच ठिकाणी होतं, आणि तिथला मालक सकाळी सकाळी राजदीपकडे मूर्तीच्या बुडाचं माप घ्यायला गेला होता. ती गोठ्यात शिरली. सालींचा ढीग पदरात घेतला. त्या भुर्रकन जळून जाणार, वर काहीतरी जाड पाहिजे. समोर भिंतीवर गोल चकती, चांगली वाळलेली, चार बोटं जाड. तिच्यावर कसलासा ठसा आणि एक नंबर: चारशे सतरा. खाली ते दोन शब्द.

सत्यशीला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. साठावर अवजारांचे नंबर संपले होते, हा थेट चारशे सतरावर पोचला! आता अवजारं पुरेनात म्हणून लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांनाही नंबर पडायला लागले. रांजणावर न हलवणे, बाजेवर न हलवणे, आता सरपणावर न हलवणे. तिने चकती खिळ्यावरून काढली आणि चुलीत लावली. सागाच्या तेलाने आग भडकली, पाणी कढलं, बाईची आंघोळ फार सुखाची झाली. आज चारशे सतरा नंबरने आंघोळ केली, हा किस्सा तिने येत्या सभेसाठी राखून ठेवला. असा किस्सा घाईत टपरीवर उधळायचा नसतो.

सभा यायच्या आधी, त्याच सकाळी, श्रीहरी माप घेऊन परततो न परततो तोच जंगलखात्याचा गार्ड आला.

त्या आठवड्यात पलीकडच्या जंगलात सागाची चार झाडं तोडलेली सापडली होती आणि जिथे सागवान कापलं जातं त्या प्रत्येक घरी तो फिरत होता. मोहटोल्यात रंध्याचा आवाज कुठून येतो हे विचारावं लागत नव्हतं. तो सायकल लावून सरळ गोठ्यात आला. मागून मुखरू, पंचफुलाबाई, राजदीप, आणि ज्यांना काहीच काम नव्हतं ती सगळी माणसं. गार्ड सरळ माणूस होता. पाणी मागितलं, पावती मागितली, परवाना पाहिला. सगळं बरोबर होतं. मग म्हणाला, आता शिक्का दाखवा.

श्रीहरी वळला तो हात वर करूनच. हात भिंतीपाशी गेला आणि तिथेच राहिला. निळ्या गोलात नुसता खिळा होता.

त्याने खाली पाहिलं, बाकाखाली पाहिलं. सालींचा ढीग अर्धा झालेला पाहिला. मग दारातून त्याची नजर अंगणातल्या चुलीकडे गेली, आणि चुलीवरून सत्यशीलाकडे आली. सत्यशीला रांजणाशी उभी होती, हातात गार्डसाठी भरलेला तांब्या. शिक्का हा शब्द ऐकला त्याच क्षणी तिला कळलं होतं. ठसा, नंबर, खिळा, सगळं एकदम कळलं. जीभ, जी या गावात कधी अडली नव्हती, ती टाळ्याला चिकटून बसली. भीती वाटली असं नाही. गार्डला ती घाबरली नसती. पण समोर मुखरू होता, पंचफुला होती, मंडळाच्या बायका होत्या, आणि त्यांच्यापुढे या घरातला मूर्ख कोण हे गेली तीन वर्षं पक्कं ठरलेलं होतं.

श्रीहरीने तिच्या तोंडाकडे पाहिलं, जेवढा वेळ तो फळीची रेघ पाहायचा तेवढा वेळ नाही, त्याहून फार कमी. मग गार्डकडे वळला.

"साहेब, माह्याच हातून गेला असन. रंधा मारता मारता ध्यान नाई राह्यलं."

गोठा हसण्याने भरून गेला. मुखरू तर भिंतीला टेकला. म्हणाला, आमच्या पोराले दूध सुटाच्या आधी शिकवतो, पहिले शिक्का सांभाळाचा, मंग करवत लावाची. यायनं खुद्द सरकारले रंधा मारला. कोणीतरी ते वाक्य मागे उभ्या असलेल्यांना सांगितलं आणि तेही हसले. एवढ्या नंबरांच्या माणसाने एकच नंबर जपायचा होता. सत्यशीला तांब्या धरून उभी राहिली. आता सांगावं, आता सांगावं, असं मनात म्हणत राहिली आणि हसणं ओसरेपर्यंत सांगितलं नाही.

गार्डने पंचनामा केला. तो म्हणाला, माझा तुमच्यावर वहीम नाही, पण शिक्क्याशिवाय मी हे इथे सोडलं तर उद्या मला जबाब द्यावा लागेल. लाकूड डेपोत जाईल, तिथल्या लिलावाच्या नोंदीशी माप ताडून पाहतील, आणि सारं ठीक असलं तर पावसाळ्यानंतर परत मिळेल. पौर्णिमेचं विचारलं तर त्याने हात जोडले. दुपारी ट्रॅक्टर आला. फळ्या गेल्या, चार पाय गेले, खाचेत बसलेला पाय श्रीहरीने स्वतः अलगद ओढून काढून दिला, म्हणजे वाटेत मोडायला नको. मग त्याने गोठा झाडला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तो चुलीबद्दल काही बोलला नाही. जेवायला बसला, भात वाढ म्हणाला, आमटी चांगली झाली म्हणाला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर सत्यशीलाने दोन परत दिल्या असत्या आणि हिशेब मिटला असता. हे असं गप्प राहणं तिला सहन होईना. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या नवऱ्याची लाज वाटत नव्हती, स्वतःची वाटत होती, आणि ती कशी वागवायची याची तिला सवयच नव्हती.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी विहारात मंडळाची सभा भरली. वंदना झाली आणि पहिला विषय आसनाचाच निघाला. निघाला म्हणजे पंचफुलाबाईने काढला. सरकारला रंधा मारल्याचा किस्सा तिने अख्खा सांगितला, मधेमधे सत्यशीलासारखा नाकाला पदर लावून, सत्यशीलासारखेच हात उडवून. बायका सत्यशीलाकडे पाहून हसत होत्या, कारण ही कला कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिष्येने गुरूला शोभेल असं सांगितलं.

सत्यशीला उभी राहिली.

"चकती यायनं नाई हरवली," ती म्हणाली. "मी जाळली. आंघोळीच्या पाण्याले. मले समजलं नाई का तो डेपोचा शिक्का होय. मले वाटलं, यायचाच नंबर होय."

तिला वाटलं, सुटले. मग पंचफुलाबाई उठली, जवळ आली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बाई, नवऱ्याचं झाकाव लागते, ते समजते आमाले. पण ह्या माणसासाठी तुमी कायले आपलं नाव खराब करून राह्यल्या?"

सत्यशीलाने पुन्हा सांगितलं. लाकडं भिजली होती, साली पदरात घेतल्या, चकती खिळ्यावर होती, नंबर चारशे सतरा. राजदीप मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाला, बाई, नंबर तर पावतीवर आहे, आम्हा सगळ्यांना पाठ आहे. ती म्हणाली, ठसा गोल होता. तो म्हणाला, ठसे गोलच असतात. ती चिडली, तर एका म्हातारीने डोळे पुसले. एवढी जळूनपोळून निघालेली बाई, तरी वेळेला नवऱ्याच्या मागे कशी उभी राहिली, असं ती शेजारणीला सांगायला लागली. सत्यशीलाने जन्मात इतकं खरं कधी सांगितलं नव्हतं आणि जन्मात तिचं इतकं कमी कोणी ऐकलं नव्हतं. खोटं असतं तर तिने ते नीट रंगवून गळी उतरवलं असतं. खरं तिला रंगवता येईना.

शेवटी ती म्हणाली, मग मी शब्द दिला होता, अध्यक्षपद सोडते. हेही कोणी ऐकलं नाही. तुमचा काय दोष, असं सगळ्या एका सुरात म्हणाल्या. मंडळाच्या इतिहासात एवढं एकमत कधी झालं नव्हतं. मंडळाची वहीही राजदीपच लिहायचा; त्याने लिहिलं की श्रीहरी खोब्रागडे यांच्या निष्काळजीपणामुळे आसनाचे काम पूर्ण होऊ शकले नाही, आणि मूर्ती यंदा टेबलावर नवे कापड घालून ठेवण्यात यावी. वही सत्यशीलापुढे आली. अध्यक्ष म्हणून सही तिलाच करायची होती. तिने ते वाक्य दोनदा वाचलं, सही न करता वही मिटली, आणि निघाली. मागून कोणीतरी म्हणालं, बिचारी.

बिचारी! हा शब्द तिला या गावात आजवर कोणी लावला नव्हता.

घरी श्रीहरी गोठ्यात बसून रंध्याचं पातं दगडावर घासत होता. दगडावर थोडं पाणी, मग पात्याची तिरकी कड टेकवायची, मग न डगमगता पुढे-मागे. सत्यशीला उंबऱ्यात उभी राहिली.

"सभेत सांगतलं मी," ती म्हणाली. "का मीच जाळली म्हणून. तीनदा सांगतलं. कोणीच मानून नाई राह्यलं."

श्रीहरीने पातं उचललं, पाणी पुसलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. कोणत्या लाकडाला कोणता रंधा लागतो हे सांगावं तसा तो बोलला.

"मानतीन कसे वो? ह्या माणसाले काई समजत नाई, हे तीन वर्षं तूच तं शिकवलं त्यायले."

आणि पातं पुन्हा दगडावर टेकवलं. सत्यशीला उंबऱ्यातच खाली बसली.